आर्सेनलचे आजचे स्ट्रायकर आणि कालचे दिग्गज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कशासाठी?

रविवारी सकाळी मिसळीच्या टेबलावर आमच्यात दर आठवड्याला एकच वाद होतो. आदल्या रात्री आर्सेनलच्या, म्हणजे आमच्या लाडक्या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या, स्ट्रायकरने (सर्वांत पुढे खेळून गोल करणाऱ्याने) बॉल गोलकीपरच्या अंगावर मारलेला असतो, आणि पाव मोडता मोडता कुणीतरी म्हणतंच, "हेन्री असता ना..." हेन्री म्हणजे क्लबचा आजवरचा सर्वाधिक गोल करणारा स्ट्रायकर. आम्ही नाशिकमधल्या सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोड, नाशिकरोड अशा सगळीकडचे २०-२५ चाहते आहोत. काहींनी हेन्रीला चालू सामन्यात पाहिलंय, काहींनी फक्त मोबाइलवरच्या तुकड्यांमध्ये. नवीन येणारा प्रत्येक जण तेच प्रश्न विचारतो, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. गोलांचे आकडे सगळ्या स्पर्धा धरून आहेत. जिथे फक्त लीगचे (इंग्लंडच्या मुख्य साखळी स्पर्धेचे) आहेत तिथे तसं म्हटलंय.

आजच्या स्ट्रायकरची हेन्रीशी तुलना करणं अन्याय नाही का?

तुलना जरूर करा. जो क्लब आपला मानला त्याचं जुनं-नवं ताडून बघणार नाही तर काय बघणार? अन्याय होतो तो माप चुकल्यामुळे. आपण एका पारड्यात हेन्रीच्या आठ वर्षांतले निवडक गोल टाकतो आणि दुसऱ्या पारड्यात आजच्या खेळाडूची कालची मॅच. हेन्रीच्या वाया गेलेल्या संधी कुणी जपून ठेवल्या नाहीत. आजच्या माणसाची मात्र प्रत्येक चूक रात्रीतून शंभर वेळा फिरते.

१७ मे २००६ची रात्र मला चांगली आठवते. पॅरिसला चॅम्पियन्स लीगची फायनल होती, समोर बार्सिलोना. नाशिकरोडला मित्राच्या घरी आजी झोपलेली म्हणून टीव्हीचा आवाज पूर्ण बंद, आणि आम्ही चौघं जमिनीवर. सुरुवातीलाच हेन्री गोलसमोर मोकळा सापडला आणि त्यांचा गोलकीपर व्हाल्देसने अडवलं. आपला गोलकीपर लेमान १८व्या मिनिटाला लाल कार्ड मिळून बाहेर गेला, तरी कॅम्पबेलच्या हेडरने आपण पुढे होतो. उत्तरार्धात हेन्रीला पुन्हा एक संधी आली, पुन्हा व्हाल्देसच्या हातात. मग एटो, मग बेलेट्टी, १-२. हेन्री माझ्यासाठी आजही सर्वांत मोठा आहे. पण ती रात्रही त्याचीच आहे, आणि तुलना करताना तीही मोजायला हवी.

हेन्रीचे आकडे नक्की किती?

३७७ सामन्यांत २२८ गोल, क्लबच्या इतिहासात सर्वाधिक. यातले २२६ पहिल्या मुक्कामातले, १९९९ ते २००७. उरलेले दोन २०१२च्या सुरुवातीला न्यूयॉर्कहून उसना आला तेव्हाचे: एक एफए कपमध्ये लीड्सविरुद्ध, एक लीगमध्ये संडरलंडला. प्रीमियर लीगमध्ये त्याचे १७५ गोल आहेत आणि गोल्डन बूट (हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याचा मान) त्याने चारदा नेला: २००१-०२, २००३-०४, २००४-०५ आणि २००५-०६. २००२-०३ला तो हुकला, पण त्याच हंगामात लीगमध्ये २४ गोल करून वर २० गोल दुसऱ्यांना करून दिले. मला विचाराल तर चारही बुटांपेक्षा हा हंगाम मोठा. स्वतः गोल करणारे पुष्कळ असतात. गोल करणारा आणि दुसऱ्याच्या पायावर आणून ठेवणारा एकच माणूस क्वचित मिळतो.

तो पहिल्या दिवसापासून असाच होता का?

नाही. आणि हे उत्तर प्रत्येकाने पाठ करावं.

१९९९च्या ऑगस्टमध्ये तो युव्हेंटसहून आला तेव्हा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणारा, होता. अनेल्का रेआल माद्रिदला गेला होता, त्याच्या जागी प्रशिक्षक वेंगरनी या पोराला मध्ये खेळवायचं ठरवलं. मोनॅकोपासून ते त्याला ओळखत होते. पहिल्या आठ सामन्यांत त्याला एकही गोल करता आला नाही. शेवटी १८ सप्टेंबरला साउथॅम्प्टनच्या मैदानावर, तोही बदली म्हणून उतरून, त्याने एकमेव गोल केला आणि सामना १-० जिंकून दिला.

बर्गकॅम्पचीही हीच गोष्ट. १९९५मध्ये इंटर मिलानहून ७५ लाख पौंडांना आला. सात सामने कोरडे गेले, त्यात हार्टलपूलसारख्या छोट्या क्लबविरुद्धचा सामनाही होता, आणि इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. मग घरच्या मैदानावर दोन गोल. समोर कोण? साउथॅम्प्टनच.

इयान राइटला मात्र थांबावं लागलं नाही. १९९१मध्ये क्रिस्टल पॅलेसहून येऊन लीगमधल्या पहिल्याच सामन्यात त्याने हॅटट्रिक केली. तीही साउथॅम्प्टनविरुद्ध! तिघांचीही गोष्ट एकाच संघाशी येऊन भिडते, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी लगेच तिघाचौघांना फोन करून सांगितलं होतं.

तेव्हा नव्या स्ट्रायकरचे सहा-सात सामने कोरडे गेले की लगेच "पैसे पाण्यात" म्हणू नका.

योकेरेशने पोर्तुगालमध्ये गोलांचा पाऊस पाडला, मग इथे एवढी ओढाताण का?

आधी नाव. गावात "ग्योकेरेस"ही चालतं, पण स्वीडनमध्ये म्हणतात योकेरेश. आजोबा हंगेरीचे, आडनाव तिकडचं.

स्पोर्टिंग लिस्बनसाठी त्याने १०२ सामन्यांत ९७ गोल केले. २०२५च्या जुलैमध्ये तो आपल्याकडे आला आणि पाठीवर १४ नंबर घेतला, म्हणजे हेन्रीचाच. आकड्यानेच तुलना ओढवून घेतली, त्याला आपण काय करणार. ऑगस्टमध्ये लीड्सला ५-० हरवलं त्यात त्याचे दोन, ऑक्टोबरमध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिदला ४-० हरवलं त्यातही दोन. मधल्या काळात मात्र बॉल त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता, असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

कारण सरळ आहे. त्याची ताकद धावत सुटण्यात आहे. बचावपटूच्या खांद्याला खांदा लावून, अर्धं मैदान मोकळं असताना. पोर्तुगालमध्ये त्याला तशी जागा मिळायची. आर्सेनलसमोर येणारे बहुतेक संघ दहा माणसं स्वतःच्या पेनल्टी बॉक्सपाशी उभी करून ठेवतात. धावायला जागाच नाही. मुंबई नाक्यावर संध्याकाळी सात वाजता बुलेट काढल्यासारखं होतं, इंजिन कितीही दमदार असो.

हेन्रीच्या काळी आर्सेनल समोरच्याला पुढे येऊ द्यायचं. बॉल हिसकावला की दोन पासांत हेन्री डावीकडून निघालेला. त्याचा तो ठरलेला गोल डोळ्यांसमोर आणा: डावीकडून आत येतो, अंग थोडं मोकळं करतो आणि उजव्या पायाच्या आतल्या बाजूने बॉल लांबच्या खांबाकडे वळवतो. त्या एका फटक्याच्या आधी मोकळी जागा लागते. ती जागा आज मिळत नाही, मग चौदा नंबर कुणाच्याही पाठीवर असो.

म्हणजे आजच्या स्ट्रायकरला सगळं माफ?

अजिबात नाही. इथेच आमच्या गटात दोन तट आहेत. आधी दोन हंगामांचा हिशेब मांडतो.

२००३-०४: ३८ सामने, २६ विजय, १२ बरोबरी, एकही हार नाही. ९० गुण, विजेतेपद. संघाचे लीगमध्ये ७३ गोल, त्यातले ३० एकट्या हेन्रीचे. म्हणजे शंभरातले ४१.

२०२३-२४: २८ विजय, ८९ गुण, दुसरा क्रमांक. संघाचे लीगमध्ये ९१ गोल. सर्वाधिक साकाचे १६, मग हॅवर्ट्झचे १३, त्रोसारचे १२. वीसचा आकडा कुणीच गाठला नाही.

पुन्हा वाचा. ज्या संघाला "स्ट्रायकर नाही" म्हणून आपण वर्षभर हिणवलं, त्याने अजिंक्य संघापेक्षा १८ गोल जास्त केले. प्रशिक्षक आर्तेताच्या संघात गोलांची वाटणी झाली आहे. थोडे साकाचे, थोडे ओडेगार्डचे, कॉर्नरवरून डोकं लावणाऱ्या गॅब्रिएलचे. पुढचा माणूस समोरच्या दोन सेंटर-बॅकना (मधल्या बचावपटूंना) स्वतःला चिकटवून ठेवतो, मागून येणाऱ्यांना दार उघडं मिळतं. हे काम गोलांच्या तक्त्यात दिसत नाही.

आता दुसरा तट. १४ एप्रिल २०२४ला घरच्या मैदानावर अ‍ॅस्टन व्हिलाने आपल्याला ०-२ हरवलं. मँचेस्टर सिटीने लीग जिंकली ती दोन गुणांनी. त्या संध्याकाळी पूर्वार्धात आपल्याच हातात सामना होता आणि एक गोल हवा होता. पाच-शून्य जिंकताना गोल वाटले तरी चालतात. पण सामना शून्य-शून्य असताना, पाय जड झाले असताना, काही नसताना काहीतरी करणारा माणूस लागतो. हेन्री तो होता. माझं स्वतःचं मत या दुसऱ्या तटाकडे झुकतं. वाटणीने संघ दुसरा येतो, पहिलं यायला असा एक माणूस लागतो. आकडे पहिल्या तटाच्या बाजूने आहेत हे मान्य करूनही मी हे म्हणतो.

काई हॅवर्ट्झ स्ट्रायकर आहे का?

आहे, पण हेन्रीच्या घराण्यातला नाही, अ‍ॅलन स्मिथ आणि जिरू या आर्सेनलच्या जुन्या स्ट्रायकरांच्या घराण्यातला आहे. उंच, पाठीवर बचावपटू घेऊन बॉल थांबवणारा, हेडर चांगला, आणि समोरच्या गोलकीपरपर्यंत धावत जाऊन दडपण आणणारा. २०२३मध्ये चेल्सीहून आला तेव्हा मिडफिल्डमध्ये खेळला आणि अवघडून गेला होता. बोर्नमथच्या मैदानावर सप्टेंबरअखेरीस आपल्याला पेनल्टी मिळाली तेव्हा सहकाऱ्यांनी बॉल त्याच्या हातात दिला, की मार, मोकळा हो. त्याने मारली आणि सगळा संघ त्याच्या अंगावर पडला. ते दृश्य पाहून आमच्यातल्या एका दादाचे डोळे भरून आले होते, आणि तो त्याला रोज नावं ठेवणारा.

२०२५च्या फेब्रुवारीत दुबईच्या सरावात त्याचा हॅमस्ट्रिंग गेला आणि हंगामाचा कणाच मोडला. तेव्हा मेरिनोला, मिडफिल्डरला, पुढे उभं करावं लागलं. त्याने लेस्टरला दोन गोल केले हे त्याचं मोठेपण. पण हॅवर्ट्झ नसला की किती खोल खड्डा पडतो, हे तेव्हाच कळलं.

आर्सेनलच्या ९ नंबरच्या जर्सीला शाप आहे का?

ती घालणाऱ्यांची यादी वाचा आणि स्वतः ठरवा: अनेल्का, शुकर, जेफर्स, रेयेस, बाप्टिस्टा, एदुआर्दो, पार्क चू-यंग, पोडोल्स्की, लुकास पेरेझ, लाकाझेट, जेसुस. यातल्या एदुआर्दोचं नाव आलं की मी अजूनही गप्प होतो. २३ फेब्रुवारी २००८, बर्मिंगहॅम. त्याचा पाय मोडला तो टॅकल टीव्हीवाल्यांनी पुन्हा दाखवायचंही टाळलं होतं.

गॅब्रिएल जेसुसचं तसंच. २०२२मध्ये आल्याबरोबर त्याने संघाची चालच बदलून टाकली, मग कतारच्या वर्ल्ड कपमध्ये गुडघा गेला. २०२५च्या जानेवारीत एफए कपमध्ये पुन्हा गुडघा, या वेळी लिगामेंट. माझा शापावर विश्वास नाही. शरीराने साथ दिली नाही, एवढंच. त्याला "फ्लॉप" म्हणणाऱ्याशी मी वाद घालतो.

इयान राइट कसा होता? आम्ही तर पाहिलाच नाही.

आमच्यातल्या फार थोड्यांनी पाहिलाय, कारण तेव्हा घरी दूरदर्शनच होतं. २८८ सामन्यांत १८५ गोल. क्लिफ बास्टिनचा १७८चा विक्रम त्याने सप्टेंबर १९९७मध्ये बोल्टनविरुद्ध मोडला. आत घातलेल्या बनियनवर "१७९" लिहून आणलं होतं आणि १७८वा गोल होताच आनंदात जर्सी वर केली. विक्रम अजून मोडायचाच होता! काही मिनिटांत त्याने तोही केला. तोच विक्रम पुढे ऑक्टोबर २००५मध्ये हेन्रीने स्पार्टा प्रागविरुद्ध मोडला.

गोलसमोरचा थंडपणा म्हणाल तर माझ्या मते राइट हेन्रीच्याही पुढे. व्यावसायिक फुटबॉलमध्ये तो जवळपास २२व्या वर्षी आला, त्याआधी मजुरीची कामं करायचा. ती भूक त्याच्या प्रत्येक गोलमध्ये दिसते.

बर्गकॅम्पला या यादीत धरायचं का?

धरायचं, पण गोल मोजून नाही. ४२३ सामन्यांत १२० गोल म्हणजे स्ट्रायकर म्हणून मध्यमच. तो स्ट्रायकरच्या मागे खेळायचा. त्याची खरी तुलना स्ट्रायकरच्या मागे खेळणाऱ्या ओडेगार्डशी किंवा एझेशी करा. न्यूकॅसलविरुद्धचा मार्च २००२चा तो गोल मात्र एकदा स्वतः बघा. गोलकडे पाठ असताना आलेला पास, एका स्पर्शात बॉल बचावपटूच्या एका बाजूने आणि स्वतः दुसऱ्या बाजूने. मी महात्मानगरच्या ग्राउंडवर तो करून बघायचा प्रयत्न कितीतरी वेळा केलाय. बॉल दरवेळी बचावपटूच्या नडगीला लागतो.

जिरूला आपण नीट वागवलं का?

नाही. २५३ सामन्यांत १०५ गोल, त्यातले किती शेवटच्या दहा मिनिटांत बदली म्हणून येऊन! १ जानेवारी २०१७ला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध टाचेने मागच्या मागे मारलेल्या गोलला पुष्काश पुरस्कार (वर्षातल्या सर्वोत्तम गोलचा) मिळाला. तरी आपण वर्षानुवर्षं म्हणत राहिलो, "जिरूने लीग मिळणार नाही." २०१८मध्ये तो गेला आणि त्याच उन्हाळ्यात फ्रान्ससोबत वर्ल्ड कप जिंकला. आज हॅवर्ट्झबद्दल बोलण्याआधी हे आठवावं.

व्हॅन पर्सीचं नाव काढलं तर चालतं का?

चालतं. २०११-१२मध्ये लीगमध्ये ३० गोल, हेन्रीच्या सर्वोत्तम हंगामाइतके, आणि संघ हेन्रीच्या संघाच्या पासंगालाही पुरत नव्हता. एकट्याने खेचलेला हंगाम म्हणून मी तो सर्वांत वर ठेवतो. पुढच्याच ऑगस्टमध्ये तो मँचेस्टर युनायटेडला गेला, ते मी विसरलेलो नाही. दोन्ही खरं.

टेड ड्रेक, बास्टिन वगैरे फार जुने. त्यांना कसं मोजायचं?

मानाने मोजायचं. ड्रेकने १९३४-३५मध्ये लीगच्या एका हंगामात ४२ गोल केले, आणि क्लबचा तो विक्रम अजून उभा आहे. १४ डिसेंबर १९३५ला त्याने अ‍ॅस्टन व्हिलाच्या मैदानावर एकट्याने सात मारले. कातडी बॉल पावसात भिजला की जड व्हायचा, त्या काळी. "प्रीमियर लीगचा विक्रम" असं म्हणताना १९९२च्या, म्हणजे प्रीमियर लीग सुरू होण्याच्या, आधीचं सगळं गळून पडतं, हे ध्यानात ठेवा. बास्टिन तर विंगर होता, तरी त्याचा विक्रम जवळपास ६० वर्षं टिकला.

"वही" म्हणजे काय?

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले एक काका आमच्यात आहेत. ते दोनशे पानी, एकेरी रेघेची वही घेऊन मॅच बघतात. पानावर दोन रकाने. पेनल्टी बॉक्समध्ये स्ट्रायकरकडे बॉल आला की पहिल्या रकान्यात एक उभी रेघ, त्याने गोलकडे मारला की दुसऱ्यात. पाचवी रेघ आडवी. इंजेक्शनची सुई वाटावी अशी बारीक टोकाची पेन्सिल, शार्पनर खिशात. मॅच संपल्यावर आम्ही तावातावाने बोलत असतो, काका चष्मा कपाळावर नेऊन वही फिरवून आमच्यासमोर धरतात. बहुतेक वेळा पहिला रकानाच अर्धा रिकामा असतो.

त्या वहीने माझी सवय बदलली. आता स्ट्रायकर गोल करत नाही तेव्हा मी आधी विचारतो, त्याला मिळालं काय? आणि पहिला रकाना भरलेला, दुसराही भरलेला आणि तरी गोल नाही, असं झालं की मात्र मी त्याची बाजू घेत नाही.

सामने किती वाजता असतात, आणि कुठे भेटायचं?

इंग्लंडचा शनिवार दुपारी तीनचा सामना आपल्याकडे उन्हाळी वेळेत ७:३०ला, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून ८:३०ला. चॅम्पियन्स लीगचा रात्रीचा सामना १२:३० किंवा १:३०. डिसेंबर-जानेवारीत गच्चीवर बसायचं असेल तर शाल आणि कानटोपी आणा, नाशिकची थंडी पहाटे अंगात शिरते. जागा आदल्या दिवशी ठरते.

माझा १३ वर्षांचा मुलगा म्हणतो, साका हेन्रीपेक्षा भारी. काय सांगू?

त्याला गप्प करू नका. त्याच्यासोबत ९ एप्रिल २००४चा लिव्हरपूलविरुद्धचा सामना पूर्ण बघा, तुकडे नाही. त्या आठवड्यात आर्सेनल एफए कपमधून युनायटेडकडून आणि चॅम्पियन्स लीगमधून चेल्सीकडून बाहेर पडलं होतं. मध्यंतराला १-२ मागे होतं. लीगही हातून जाते की काय असं वाटत होतं. मग हेन्री मिडफिल्डपासून बॉल घेऊन सुटला. शेवटी ४-२, त्याची हॅटट्रिक. मुलाच्या हातात एक वही द्या, दोन रकाने आखून. मग पुढच्या शनिवारी साकासाठी तशीच रेघ मारायला सांगा, आणि रविवारी दोन्ही पानं घेऊन त्याला मिसळीला आणा. काकांना बघायची आहेत.